दोन बोटं बारीक दाखवणारा

मी एक आरसा. कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमचा. आरसे जे असेल तेच दाखवतात असा तुमचा समज असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मी दिवसभर खोटं बोलतो. पगार मिळत नाही, पण काम तेच आहे. आज मात्र मनात फार साचलंय, तेव्हा जरा ऐकून घ्या.

जन्मतः मी असा नव्हतो. भट्टीतून निघालेल्या एका मोठ्या काचेतून मला कापून काढलं, पाठीला चकाकीचा थर दिला आणि त्यावर तपकिरी रंग फासला. माझी भावंडं कुठे कुठे गेली, कुणी सलूनमध्ये, कुणी कपाटाच्या दारात. मी एका घरात लागलो, अगदी सरळ, भिंतीला पाठ टेकवून. तिथे मी असेल ते दाखवायचो आणि रोज बोलणी खायचो. "हा आरसाच मेला वाईट आहे," असं म्हणत घरातली बाई पोट आत ओढायची आणि पुन्हा बघायची. त्यांनी घर बदललं तेव्हा मला जुन्या सामानाच्या दुकानात टाकून गेले.

तिथून मला या दुकानाच्या मालकांनी उचललं. टांगताना ते सुताराला म्हणाले, "खालच्या बाजूला मागून एक पट्टी ठोक. वरचं अंग जरा मागे झुकलं पाहिजे." सुतार गालातल्या गालात हसला. तेवढ्या एका पट्टीने माणूस उंच दिसायला लागतो आणि कमरेला चांगली दोन बोटं बारीक होतो. वर पिवळा दिवा लावला की चेहऱ्यावरचा थकवासुद्धा जातो. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. माझं कोण विचारतो?

ती पट्टी मात्र कधी नीट बसली नाही. शेजारचं दार आपटलं की मी थरथरतो. दुकानात दारं दिवसभर आपटतात, तेव्हा तुम्हीच समजा.

आत आलेली माणसं कडी लावली की वेगळीच होतात. बाहेर "किंमत बघायची नाही" म्हणणारे आत येऊन आधी चिठ्ठी उलटी करून बघतात. काही जण हसण्याचा सराव करतात. एक बाई तर काही घालून न बघता नुसत्या स्टुलावर बसायच्या, डोळे मिटून, आणि थोड्या वेळाने "नाही बसत हो" म्हणत कपडे परत द्यायच्या. त्यांना बसायला तेवढीच जागा असावी.

या सगळ्यात माझा एक माणूस होता. दुकानातला सेल्समन, सगळे त्याला छोट्या म्हणतात. कानशिलं पांढरी व्हायला आली तरी छोट्याच. त्याच्या थोरल्या भावाने हे नाव ठेवलं आणि ते दुकानापर्यंत पोचलं. गळ्यात टेप, कानामागे खडू. हा छोट्या माझं खोटं रोजच्या रोज खोडायचा. गिऱ्हाईक माझ्यापुढे वळून वळून बघत असलं की हा दारातून आधी माझ्यात बघायचा, मनातल्या मनात माझी दोन बोटं परत मिळवायचा, आणि तोंडावर सांगायचा, "ताई, हा रंग तुमच्यासाठी नाही. उगाच घेऊन कपाटात ठेवाल." ताई जरा फुगायच्या, निघून जायच्या, आणि पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन यायच्या. मालक चिडायचे, पण गिऱ्हाईक परत येतं म्हटल्यावर गप्प बसायचे.

मग कुणीतरी माझ्या स्टुलावर एक पुस्तक विसरून गेलं. 'उगवत्या खिशाचं रहस्य'. वर उगवता सूर्य आणि सुटातला एक माणूस, दात दाखवत. छोट्याने दोन दिवस वाट पाहिली, कोणी न्यायला आलं नाही, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तो ते वाचत बसला. त्याचंही बरोबर होतं. त्याच्याबरोबर नोकरीला लागलेला एक जण स्वतःचं दुकान काढून बसला होता आणि गाडीतून उतरून मालकांना भेटायला यायचा. तो येऊन गेला की छोट्या दिवसभर हँगर उगाच इकडचे तिकडे करायचा. आपण इथेच का राहिलो, हा किडा त्याच्या डोक्यात आधीपासून होता. पुस्तकाने त्याला नाव दिलं, एवढंच.

एकावर थांबला असता तर ठीक होतं. पण त्यानंतर दुसरं आलं, तिसरं आलं. पैशाचं वाचून झालं की सुखाचं, सुखाचं वाचून झालं की पुन्हा पैशाचं. माझ्या दाराला लागूनच शिलाईकाकूंचं मशीन आहे. पँटी आखूड करणं, कंबर घेणं, ही त्यांची कामं. दाराला वर आणि खाली हातभर फट, त्यामुळे बाहेरचं सगळं मला ऐकू येतं.

"पुन्हा नवीन?" काकूंनी एकदा विचारलं.

"काकू, हा खर्च नाही. स्वतःवरची गुंतवणूक आहे."

"पहिलं वाचून काय मिळालं?"

"दिशा मिळाली."

"मग चालायला लाग की. दुसरं कशाला? मिळालेली दिशा हरवली का?"

"तुम्ही फार निगेटिव्ह बोलता काकू."

काकूंनी दातांनी दोरा तोडला. "अरे वा! म्हणजे आता माझाही नंबर लागला."

पुस्तकात सांगितलं होतं म्हणून छोट्या रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, माझ्यासमोर येऊन उभा राहायला लागला. छाती पुढे काढून म्हणायचा, "मी आनंदी आहे. मी श्रीमंत होतोय. पैसा आपणहून माझ्याकडे येतोय." आणि मी काय करणार? पट्टी ठोकलेला आरसा मी. त्याला उंच आणि सडपातळ दाखवायचो. तो खूश होऊन शटर वर करायला जायचा. मला मात्र लाजल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं ज्याने माझं खोटं पकडलं, तोच आता सकाळी सकाळी ते मागायला येत होता.

गिऱ्हाइकांशीही तो बदलला. "नको" हा शब्दच गेला. सगळ्यांना सगळं शोभायला लागलं. आणि खोटं कशाला सांगू, विक्री वाढली. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. काकू म्हणाल्या, "चार महिने जाऊ देत, मग बघू कोण परत येतंय." पण त्यांचं कोण ऐकतंय.

हे सगळं मी सोसलं असतं. नव्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणाने मात्र घात केला. छोट्याने ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. तुमच्या आयुष्यात कोण सतत रडगाणं गातं ते शोधा, आणि त्या माणसाला प्रेमाने, पण ठामपणे, दूर करा. तो तुमचा आनंद खातो, तुमचा पैसा अडवतो.

छोट्याला फार शोधावं लागलं नाही. त्याचा दादा होता ना.

दादा रंगारी. घरांना रंग द्यायचं काम. आईवडील लवकर गेले, दादाने शिडीवर उभं राहून छोट्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं, स्वतःचं मात्र राहूनच गेलं. आता एकटाच राहतो. मी त्याला पाहिलं नव्हतं, पण आवाज पाठ होता. दुपारी त्याचा फोन यायचा आणि छोट्या काकूंच्या मशीनपाशी डबा उघडून, फोन मोठ्या आवाजावर ठेवून जेवायचा. तक्रारींचा नुसता पाऊस! वरच्या मजल्यावरचा माणूस खुर्ची उचलत नाही, ओढतो. नळाला पाणी येतं पण धार नाही. हल्लीचे ब्रश केस गाळतात. घरमालकाला रंग हवा उंची आणि भिंत मुळात ओली. आयुष्यभर भिंतींतल्या चिरा शोधलेला माणूस, त्याला दुसरं काय दिसणार? छोट्या जेवता जेवता "हं, हं" करायचा. शेवटी दादा म्हणायचा, "जेवलास ना? बरं ठेवतो." ते विचारायलाच तर फोन असायचा.

छोट्याने तो फोन घेणं बंद केलं. प्रेमाने, पण ठामपणे. फोन वाजायचा, तो आवाज बंद करून उलटा ठेवायचा. मशीनच्या लाकडी फळीवर तो नुसता घरघरायचा आणि इकडे मी थरथरायचो. एकदा काकूंनीच उचलला. दादा म्हणाला, "त्याला सांगा, सारखी तहान लागतेय म्हणावं. बाटलीवर बाटली पितोय तरी तोंड कोरडंच. या भागातलं पाणीच खराब झालंय." काकूंनी निरोप दिला. छोट्या म्हणाला, "बघा, आता पाण्यानेही त्याचं काही बिघडवलं!" आणि हसला. काकू हसल्या नाहीत. पण इतक्या तक्रारींतली ही एक, त्यांनी तरी कशी ओळखावी?

मग एका दुपारी दादा स्वतःच आला. दारातूनच हाक, "छोट्या, आहेस का रे?"

"ये ना दादा! आजचा दिवस किती छान आहे!"

"कसला छान? बाहेर धूळ बघ किती. आणि फोन का नाही उचलत तू?"

"कामात असतो रे. बोल, काय दाखवू?"

"पँट दाखव. सगळ्या सैल झाल्यात. साबण असला निघालाय, कापडच ताणतं. परवा शिडीवर पँट घसरली, एका हाताने ती धरू का ब्रश धरू?"

पूर्वीचा छोट्या असता तर गळ्यातला टेप आधी दादाच्या कमरेभोवती गेला असता. पण टेप लावायचा म्हणजे जवळ उभं राहायचं, आणि जवळ उभं राहिलं की ऐकावं लागतं. त्याने दादाचं नेहमीचं छत्तीसचं माप काढलं आणि हातात ठेवलं.

दादा माझ्यासमोर आला. कडी लावली. हातातली पाण्याची बाटली तोंडाला लावून अर्धी संपवली. नखांत पांढरा रंग. शर्ट वर करून त्याने पट्टा सोडला, तर पट्ट्याला खिळ्याने पाडलेली नवी भोकं, एकापुढे एक. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. अरे देवा! माझी दोन बोटं मिळवली काय आणि वजा केली काय, या माणसाच्या अंगावर काही उरलंच नव्हतं.

"ढगळ आहे," दादा आतून म्हणाला.

दारावरून चौतीसची आली.

"ही पण ढगळ. तुमच्या कंपनीवाल्यांनी मापं बिघडवली वाटतं."

बाहेर छोट्या पुटपुटत होता, मला स्पष्ट ऐकू आलं, "मी शांत आहे, मी आनंदी आहे." अरे, छत्तीसचा माणूस चौतीसमध्ये मावायला नको, आणि इथे ती गळून पडतेय, हे तुला पँटी विकणाऱ्याला कळू नये? मला ओरडावंसं वाटलं. आरशाला ओरडता येत नाही, हे तेव्हा मला फार लागलं.

बत्तीसची घ्यायला दादाने कडी काढली, छोट्याने दार अर्धं उघडलं. आणि सवयीने बघितलं कुठे? माझ्यात. दादाकडे नाही, माझ्यात. दिसला त्याला दादा, बारीक, उंच. इतक्या वर्षांची सवय, आरशातला बारीकपणा धरायचा नाही. त्याने तो सोडून दिला. माझ्या नावावर टाकून दिला.

"मस्त दिसतोयस दादा. एकदम फिट!"

"फिट कसला रे? अंगात काही राहिलं नाही माझ्या. चालताना डोळ्यांपुढे..."

"दादा, जरा चांगलं बोल ना. आपण जसं बोलतो तसंच होतं."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. खूप काही बोलेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "बरं." आणि कडी लावली.

ते "बरं" मी अजून विसरलो नाही. ज्या माणसाने नळापासून नशिबापर्यंत कशालाच चांगलं म्हटलं नाही, त्याने एका शब्दात सगळं आवरतं घेतलं. बाहेर छोट्या काकूंना सांगत होता, "पाहिलंत? एका वाक्यात तक्रार बंद! पुस्तक उगाच नाही विकत घेतलं."

आत दादा स्टुलावर बसला. बसला म्हणजे घसरलाच. डोकं भिंतीला टेकलं, श्वास जोरजोरात चालायला लागला. हातातून बाटली सुटली, आडवी पडली आणि दाराखालच्या फटीतून घरंगळत बाहेर गेली. मी थरथरतोय, पण माझ्या थरथरण्याला कोण विचारतो? दारं आपटली की मी थरथरतोच.

"छोट्या," काकूंचा आवाज आला. मशीन थांबलं होतं. "तुझ्या दादाची बाटली बाहेर आली. तो उचलत का नाहीये?"

"दादा?"

दारावर थाप पडली.

"दादा! ही पण ढगळ आहे का? दादा, बोल की काहीतरी!"

मग दारावर धक्का बसला, पुन्हा बसला, कडी उखडली आणि दाराचा कोपरा माझ्यावर आदळला. माझा खालचा कोपरा तडकला. तडकू दे, मला काही वाटलं नाही. छोट्याने दादाला काखेत हात घालून उचललं आणि ओरडला, "काकू, हा किती हलका झालाय! काकू, ह्याच्यात वजनच नाही!" आणि मग रडत, "मला वाटलं आरशामुळे दिसतोय. आईशपथ, मला वाटलं आरशामुळे."

मालकांनी गाडी काढली. दादाला घेऊन सगळे गेले. ट्रायल रूममध्ये मी, बत्तीसची पँट आणि पाण्याचं थारोळं.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. छोट्या दुकानात नाही. बातमी मिळायची ती काकूंच्या तोंडून, तीही गिऱ्हाइकांमधून वाट काढत. रक्तातली साखर प्रचंड वाढली होती. कधीपासून वाढत होती, कुणी तपासलंच नाही. म्हणून तहान, म्हणून वजन उतरलं. एक दिवस काकू म्हणाल्या, डोळे उघडलेत. मी म्हटलं चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, डोळे उघडलेत, पण बोलत नाही. विचारलं तर मान हलवतो. डॉक्टर म्हणतात थकवा आहे, बोलेल. छोट्या म्हणतो, थकवा नाही काकू, मीच त्याला गप्प केलाय.

कोणी आत आलं की मी त्याला उंच दाखवायचो, बारीक दाखवायचो, आणि माझा सगळा जीव बाहेर काकूंच्या मशीनपाशी. हसू नका. आरशालाही घोर लागतो.

मग छोट्या कामावर आला, अर्ध्या दिवसापुरता. त्याची बायको दवाखान्यात बसली होती. सकाळी तो माझ्यासमोर उभा राहिला नाही. त्याची पुस्तकं काउंटरच्या कडेला तशीच रचलेली होती. एका बाईने शर्टाचे पैसे देता देता वरचं, ते नवं पुस्तक उचललं.

"हे घेण्यासारखं आहे का हो? आमच्याकडे घ्यायचं चाललंय."

पूर्वीचा छोट्या मला त्या दिवशी परत ऐकू आला. तो म्हणाला, "बरं आहे. सकाळी लवकर उठा म्हणतंय, उधळपट्टी करू नका म्हणतंय, त्यात वाईट काही नाही. एवढं कळायला एक पुस्तक पुरतं. मी बरीच घेतली." मग म्हणाला, "आणि घेतलंत, तर सातवं प्रकरण वाचायच्या आधी घरात सगळ्यांना एकदा विचारून या, कुणाचं काही दुखतंय का."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी पुस्तक परत ठेवलं.

माझंही सांगणं याहून फार वेगळं नाही. ती पुस्तकं आणि मी, आमचा धंदा एकच. आमच्यासमोर उभं राहिलं की माणसाला स्वतःबद्दल बरं वाटतं. वाटू द्या, त्यात पाप नाही. मलाही तेवढ्यासाठीच टांगलंय. पण बाबांनो, आपल्या माणसाकडे बघायचं असेल तेव्हा माझ्यात बघू नका. मान वळवा. तो शेजारीच उभा असतो.

त्याच दुपारी छोट्या आत आला. कडी अजून दुरुस्त झाली नव्हती, दार नुसतं लोटून घेतलं. स्टुलावर बसला, माझ्याकडे पाठ करून. हातात फोन. तेवढ्यात तो वाजला. त्याने नाव बघितलं आणि उचलायच्या घाईत फोन दोनदा निसटला.

"दादा?"

पलीकडे नुसता श्वास. मग खरखरीत आवाज, पार बसलेला.

"छोट्या, या दवाखान्याला रंग कोणी दिलाय रे?"

छोट्याने फोन कानाला घट्ट दाबला.

"ऐकतोयस ना? त्याला आधी धरून आणला पाहिजे. पुट्टी भरलीच नाहीये मेल्याने. तशाच भिंतीवर ब्रश मारलाय. दिवसभर उताणं पडून हेच बघायचं, म्हणजे बरा झालेला माणूस पण पुन्हा आजारी पडेल. आणि उशी म्हणशील तर..."

"सांग ना दादा. उशीचं काय?"

"आधी भिंतीचं पुरं ऐक."

"ऐकतोय, ऐकतोय." छोट्या रडत होता, हसत होता, बाहीने नाक पुसत होता.

बाहेरून कोणीतरी दारावर टकटक केली. "अहो, किती वेळ? आत आहे का कोणी?"

छोट्याने फोन कानाला तसाच धरून दुसऱ्या हाताने दार आतून दाबून धरलं.

"पलीकडच्या रूममध्ये जा हो," तो म्हणाला. "इथे वेळ लागेल. माझा दादा बोलतोय."